ॲक्रिलेट एकवारिकांच्या प्रकाशप्रेरित बहुवारिकीकरणाची गतिकी : एक ऐतिहासिक आढावा (ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १ ऑगस्ट १९६२ रोजी झाली. ठाण्याची वागळे इस्टेट ही या महामंडळाच्या अगदी आरंभीच्या वसाहतींपैकी एक होय. त्याच दशकात डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीचा पाया घातला गेला. पुढे अंबरनाथ-बदलापूरपर्यंत रंग, रंगद्रव्ये, औषधे, आसंजके व कापडप्रक्रियेची रसायने बनविणारा एक सलग पट्टा तयार झाला. या पट्ट्यातील अनेक उद्योगांना लागणाऱ्या कच्च्या मालात ॲक्रिलेट वर्गातील द्रवांचा समावेश होतो. हे द्रव पिंपांतून येतात आणि त्यांच्या साठवणुकीविषयी तीन सूचना सर्वत्र दिलेल्या असतात. पहिली, पिंप उन्हापासून दूर ठेवावे. दुसरी, ते उष्णतेपासून दूर ठेवावे. आणि तिसरी, पिंपातील द्रवावरची हवा काढून तेथे नायट्रोजन भरू नये.

पहिल्या दोन सूचना सामान्य माणसासही पटतात. तिसरी मात्र बुचकळ्यात टाकणारी आहे. ज्वालाग्राही द्रवावरची हवा काढून टाकणे अधिक सुरक्षित, हा एरवीचा नियम येथे उलटा का होतो? या प्रश्नाचे उत्तर रसायनशास्त्राच्या एका छोट्या शाखेच्या इतिहासात सापडते. ती शाखा म्हणजे प्रकाशाने घडून येणाऱ्या बहुवारिकीकरणाची गतिकी. तिचा विकास कसा झाला आणि ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसराशी तिचा संबंध कोणता, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

बाटलीत गोठलेले द्रव

ॲक्रिलिक आम्ल जोसेफ रेडटेनबाखर यांनी १८४३ मध्ये तयार केले. या आम्लापासून मिळणाऱ्या एस्टरांना ॲक्रिलेट म्हणतात. त्यांच्या रेणूत दोन कार्बन अणूंमध्ये एक द्विबंध असतो. हा द्विबंध उघडला की एक रेणू दुसऱ्यास, दुसरा तिसऱ्यास जोडला जाऊन हजारो दुव्यांची साखळी बनते. सुटा रेणू म्हणजे एकवारिक आणि साखळी म्हणजे बहुवारिक. द्विबंधाच्या एका कार्बनवर मेथिल गट असेल तर त्या भावंडास मेथाक्रिलेट म्हणतात.

एकोणिसाव्या शतकातील रसायनशास्त्रज्ञांना मात्र साखळीची कल्पना नव्हती. बाटलीतील स्वच्छ द्रव काही दिवसांनी घट्ट होतो, एवढेच त्यांना दिसत होते. १८७२ मध्ये ऑयगेन बाउमान यांनी सूर्यप्रकाशात ठेवलेल्या व्हायनिल क्लोराइडपासून पांढरी भुकटी मिळाल्याचे नोंदविले. १८८० मध्ये गेओर्ग काल्बाउम यांनी मेथिल ॲक्रिलेटच्या बहुवारिकाचे वर्णन केले. शुद्ध पदार्थ मिळविणे हे ध्येय असलेल्या त्या काळात असा घट्ट झालेला पदार्थ म्हणजे बिघडलेला प्रयोग समजला जाई. या 'बिघाडा'कडे जर्मन रसायनशास्त्रज्ञ ओटो रोम यांनी वेगळ्या दृष्टीने पाहिले. त्यांनी १९०१ मध्ये ॲक्रिलिक आम्लाच्या बहुवारिकांवर प्रबंध सादर केला आणि पुढे आपल्या कंपनीत त्यावर दीर्घकाळ संशोधन चालू ठेवले. मेथिल मेथाक्रिलेटची बाटली उजेडात राहून गेली, आतील द्रव घट्ट झाला, बाटली फुटली आणि आत काचेसारखा पारदर्शक ठोकळा मिळाला, अशी हकिकत त्या प्रयोगशाळेविषयी सांगितली जाते. १९३३ मध्ये हा पदार्थ 'प्लेक्सिग्लास' या नावाने बाजारात आला.

या हकिकतीत एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. बाटली फुटली, म्हणजेच प्रकाशाने सुरू झालेली क्रिया प्रकाशापुरती मर्यादित राहिली नाही. तिच्यातून उष्णताही निर्माण झाली. परंतु त्या काळी लक्ष गेले ते ठोकळ्याकडे. बाटलीच्या तुकड्यांचा विचार पुढे बऱ्याच वर्षांनी झाला.

साखळीची कल्पना

प्रकाश शोषणाऱ्या प्रत्येक रेणूस एकच प्रकाशकण लागतो, हे तत्त्व अल्बर्ट आइन्स्टाइन यांनी १९१२ मध्ये मांडले. त्यानुसार एका प्रकाशकणामागे एकच रेणू बदलावयास हवा. परंतु १९१३ मध्ये माक्स बोडेनश्टाइन यांना हायड्रोजन व क्लोरीन यांच्या मिश्रणात वेगळेच आढळले. तेथे एका प्रकाशकणामागे लक्षावधी रेणू तयार होऊ शकत होते. याचा उलगडा शृंखला अभिक्रियेच्या कल्पनेने झाला. प्रकाशकण फक्त पहिली ठिणगी टाकतो. तीतून निर्माण झालेला क्रियाशील कण एका रेणूवर क्रिया करतो आणि तसाच नवा कण मागे ठेवतो. वाल्टर नेर्न्स्ट यांनी १९१८ मध्ये या साखळीची पायरीवार मांडणी केली.

दरम्यान, बहुवारिके म्हणजे सहसंयुजी बंधांनी जोडलेले महारेणू होत, हा विचार हेर्मान श्टाउडिंगर यांनी १९२० मध्ये मांडला. दोन्ही विचारप्रवाह एकत्र येणे स्वाभाविक होते. पॉल फ्लोरी यांनी १९३७ मध्ये व्हायनिल बहुवारिकीकरणाची जी मांडणी केली तीत प्रारंभ, वाढ, स्थलांतर व समाप्ती या पायऱ्या स्पष्ट झाल्या. प्रारंभी एखाद्या रेणूचे तुकडे होऊन मुक्त मूलके बनतात. मूलक म्हणजे एक इलेक्ट्रॉन एकटा राहिलेला, म्हणून अतिशय अधीर असा कण. तो एकवारिकास जोडला जातो व साखळी वाढू लागते. दोन वाढत्या साखळ्यांची टोके परस्परांना भेटली की दोन्हींची वाढ संपते. काही वेळा साखळीच्या टोकावरचा मूलकधर्म शेजारच्या रेणूकडे स्थलांतरित होतो. तेव्हा ती साखळी तेथे थांबते व नवी सुरू होते.

यातून एक महत्त्वाचा नियम निघतो. समाप्तीसाठी दोन मूलके लागत असल्यामुळे बहुवारिकीकरणाचा वेग प्रकाशाच्या तीव्रतेच्या प्रमाणात वाढत नाही; तो तीव्रतेच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढतो. प्रकाश चौपट केला तर वेग दुप्पट होतो. दुप्पट केला तर तो जेमतेम १.४ पट होतो. वाढीव प्रकाशाने मूलके अधिक निर्माण होतात खरी, परंतु ती परस्परांनाच अधिक वेळा भेटून नष्ट होतात.

फिरत्या तबकडीचे घड्याळ

नियम मिळाला, तरी एक अडचण उरली होती. वेगाच्या मापनातून वाढीचा स्थिरांक व समाप्तीचा स्थिरांक हे दोन्ही एकत्र गुंफलेले मिळत. ते सुटे करता येत नसत. त्यासाठी एका मूलकाचे आयुष्य किती, हे कळणे आवश्यक होते. मूलकांचे प्रमाण लिटरमध्ये एका मोलच्या सुमारे दहा कोटीव्या भागाइतके अल्प, आणि आयुष्य सेकंदाच्या अंशापासून काही सेकंदांपर्यंत. अशा क्षणभंगुर कणाचे वय मोजावयाचे कसे?

येथे प्रकाशाचा एक गुण उपयोगी पडला. उष्णता क्षणात देता किंवा काढून घेता येत नाही. प्रकाश मात्र येतो. दिवा व पात्र यांच्यामध्ये खाच असलेली तबकडी फिरवून प्रकाशाचे तुकडे पाडण्याची पद्धत १९२० च्या दशकातच इतर अभिक्रियांसाठी वापरली गेली होती. बहुवारिकीकरणासाठी तिचा उपयोग १९४५ च्या सुमारास ब्रिटनमध्ये बर्नेट व हॅरी मेलव्हिल यांनी आणि अमेरिकेत बार्टलेट व स्वेन यांनी केला. दोन्ही गटांनी व्हायनिल ॲसिटेट हा पदार्थ निवडला होता.

या पद्धतीमागील युक्तिवाद साधा आहे. तबकडीचा एक चतुर्थांश भाग खुला आहे असे समजू. ती अतिशय सावकाश फिरविली तर पात्रास एक चतुर्थांश वेळ पूर्ण प्रकाश व उरलेला वेळ अंधार मिळतो. अंधारात मूलके संपून जातात आणि सरासरी वेग पूर्ण वेगाच्या एक चतुर्थांश होतो. ती अतिशय जलद फिरविली तर मूलकांना अंधार जाणवण्यास सवडच मिळत नाही; त्यांच्या दृष्टीने तो एक चतुर्थांश तीव्रतेचा अखंड प्रकाश असतो. वर्गमूळाच्या नियमानुसार मग वेग अर्धा होतो. एकूण प्रकाश तेवढाच, पण वेग पावपासून अर्ध्यापर्यंत बदलतो. हा बदल ज्या गतीला घडून येतो, त्या गतीवरून मूलकाचे आयुष्य कळते. थोडक्यात, तबकडी हे मूलकाचे घड्याळ ठरले. मॅथेसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी याच पद्धतीने १९४९ मध्ये मेथिल मेथाक्रिलेटचे आणि १९५१ मध्ये मेथिल ॲक्रिलेटचे स्थिरांक प्रसिद्ध केले.

दाटीमुळे वाढणारा वेग

ॲक्रिलेटांनी संशोधकांना सुखासुखी मोजू दिले नाही. एकवारिक खर्च होत जाते तसा वेग मंदावला पाहिजे, ही अपेक्षा. प्रत्यक्षात काही मर्यादेनंतर वेग एकदम वाढू लागतो. इंग्लंडमध्ये नॉरिश व स्मिथ यांनी १९४२ मध्ये आणि जर्मनीत ट्रॉम्सडॉर्फ व सहकाऱ्यांनी १९४८ मध्ये याचे विवेचन केले. द्रव दाट होत गेला की लांबलचक साखळ्यांची टोके परस्परांपर्यंत पोहोचू शकत नाहीत, त्यामुळे समाप्ती मंदावते. लहान आकाराचे एकवारिक मात्र अजूनही सहज फिरत असते, म्हणून वाढ चालूच राहते. मूलके साठत जातात, वेग वाढतो, उष्णता वाढते आणि उष्णतेने वेग आणखी वाढतो.

या उष्णतेचे प्रमाण ध्यानात घेणे आवश्यक आहे. ॲक्रिलेटच्या एका मोलच्या बहुवारिकीकरणात सुमारे ८० किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. मेथिल ॲक्रिलेटच्या बाबतीत हे प्रमाण किलोमागे सुमारे ९०० किलोज्यूल होते. एक किलो द्रवातून सुटणाऱ्या या उष्णतेने सुमारे तीन लिटर पाणी ३० अंश सेल्सिअसपासून उकळबिंदूपर्यंत तापविता येईल. २०० लिटरच्या पिंपात असा सुमारे १९० किलो द्रव असतो. काचेच्या पट्टीवरील पातळ थरात ही उष्णता हवेत निघून जाते. पिंपाच्या मध्यभागी तिला बाहेर पडण्यास वाट नसते.

भारतीय संशोधकांचे कार्य

या शास्त्राच्या उभारणीत भारतीय संशोधकांचा सहभाग आरंभापासून आहे. एम. संतप्पा यांनी एव्हान्स व युरी यांच्यासमवेत १९५१ मध्ये प्रसिद्ध केलेला शोधनिबंध जलीय द्रावणातील व्हायनिल संयुगांच्या प्रकाशप्रेरित बहुवारिकीकरणावर होता. फेरिक आयनांच्या संयुगांवर प्रकाश पडला की हायड्रॉक्सिल मूलक सुटते व तेच साखळीचा आरंभ करते, हे त्यात दाखविले होते. भारतात परतल्यावर मद्रास विद्यापीठात त्यांनी या विषयाची परंपरा निर्माण केली. कोलकात्याच्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स या संस्थेत शांतिरंजन पालित यांनी बहुवारिक साखळीच्या टोकाशी कोणता गट आहे हे रंगद्रव्यांच्या साहाय्याने ओळखण्याची पद्धत विकसित केली. टोक ओळखले की साखळी कोणी सुरू केली हे कळते. महाराष्ट्रात बहुवारिकांच्या अभ्यासाचे केंद्र पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा (१९५०) हे राहिले, तर मुंबईच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागातून (१९३३) बाहेर पडलेल्या अभियंत्यांनी या उद्योगास मनुष्यबळ पुरविले.

प्रयोगशाळेतून कार्यशाळेकडे

१९५६ मध्ये अमेरिकेत लुई प्लॅम्बेक यांना प्रकाशाने घट्ट होणाऱ्या मुद्रणपट्टीचे स्वामित्वहक्कपत्र मिळाले. त्यानंतर शाई, लाकडावरील रोगण, कॉम्पॅक्ट डिस्कवरील संरक्षक थर अशा अनेक ठिकाणी प्रकाशाने क्षणार्धात सुकणारी ॲक्रिलेटे आली. दंतवैद्यकात राफेल बोवेन यांनी १९६२ मध्ये आणलेले मेथाक्रिलेटचे मिश्रण १९७० च्या दशकात प्रथम अतिनील आणि नंतर दृश्य प्रकाशाने घट्ट करता येऊ लागले. ठाणे-डोंबिवलीतील दवाखान्यांत दातातील पोकळी भरल्यावर दंतवैद्य जो निळा प्रकाश काही सेकंद धरतात, तो याच इतिहासाचा शेवटचा दुवा होय. भरण साधारणतः दोन मिलिमीटरच्या थरांनी केले जाते, कारण अधिक खोलवर पुरेसा प्रकाश पोहोचत नाही. मुखपृष्ठावर चकचकीत लेप देणाऱ्या कार्यशाळेत दिवे दुप्पट केले तरी उत्पादन दुप्पट का होत नाही, याचे एक कारणही वर्गमूळाच्या नियमात आहे.

उपयोग वाढले तसे मापनही सूक्ष्म झाले. १९७९ मध्ये ट्रायसन व शुल्त्झ यांनी ॲक्रिलेटांच्या प्रकाशप्रेरित बहुवारिकीकरणातील उष्णता क्षणोक्षणी मोजून त्यांची गतिकी मांडली. १९८८ मध्ये फ्रान्समधील क्रिस्तियाँ डेकर व मूसा यांनी अवरक्त किरणांच्या साहाय्याने द्विबंध नाहीसे होताना प्रत्यक्ष मोजण्याची पद्धत रूढ केली. अनेक द्विबंध असलेल्या ॲक्रिलेटांत साखळ्यांचे जाळे बनते, मूलके त्यात अडकून पडतात आणि दिवा विझविल्यानंतरही काही काळ क्रिया चालू राहते, हेही स्पष्ट झाले. अशा जाळ्यात वर्गमूळाचा साधा नियमही काटेकोरपणे लागू पडत नाही.

१९८७ मध्ये ओलाय व सहकाऱ्यांनी तबकडीच्या जागी लेसरचे ठोके वापरले. दोन ठोक्यांमधील काळात साखळी किती लांब झाली हे पाहिले की वाढीचा स्थिरांक थेट मिळतो. या पद्धतीने मेथिल मेथाक्रिलेटचा (१९९७) आणि ब्युटिल ॲक्रिलेटचा (२००४) स्थिरांक आंतरराष्ट्रीय सहकार्यातून निश्चित झाला. २५ अंश सेल्सिअसला ॲक्रिलेटचा स्थिरांक मेथाक्रिलेटच्या सुमारे ५० पट भरला. मेथिल गटाचा एवढासा फरक, परंतु वेगात एवढे अंतर! ॲक्रिलेटच्या साखळीचे टोक वाकून स्वतःच्याच पाठीवरील हायड्रोजन घेते आणि काही काळ मंद होते, ही गुंतागुंतही त्यामुळे उलगडली.

ऑक्सिजनची दोन रूपे

आता आरंभीच्या तिसऱ्या सूचनेकडे वळता येईल. ऑक्सिजन हा मुक्त मूलकांना अतिशय तत्परतेने पकडतो आणि त्यांचे रूपांतर आळशी पेरॉक्सि मूलकांत करतो. मुद्रकाच्या वा दंतवैद्याच्या दृष्टीने हा उपद्रव होय, कारण हवेला लागून असलेला वरचा थर चिकट राहतो. पिंपातील द्रवाच्या बाबतीत मात्र हाच ऑक्सिजन रक्षणकर्ता ठरतो. साठवणुकीच्या ॲक्रिलेटात हायड्रोक्विनोनचा मोनोमेथिल ईथर हा निरोधक अल्प प्रमाणात मिसळलेला असतो. तो मुख्यतः पेरॉक्सि मूलकांवर क्रिया करतो. म्हणजे ऑक्सिजनने आधी मूलक पकडले तरच निरोधकास आपले काम करता येते. पिंपातील हवा काढून नायट्रोजन भरला तर विरघळलेला ऑक्सिजन हळूहळू संपतो आणि निरोधक असूनही निरुपयोगी होतो.

पहिल्या दोन सूचनांतील भेदही येथे स्पष्ट होतो. प्रकाश हा माणसाने द्यावयाचा व काढून घ्यावयाचा प्रारंभक आहे. म्हणूनच तो प्रयोगशाळेत घड्याळाचे काम करू शकला. उष्णता हा असा प्रारंभक आहे की जो अभिक्रिया स्वतःच निर्माण करते. उन्हात राहिलेल्या पिंपावर नंतर सावली धरता येते. आत साठलेली उष्णता मात्र सावलीने निघत नाही. जपानमधील हिमेजी येथे २९ सप्टेंबर २०१२ रोजी ॲक्रिलिक आम्लाच्या टाकीचा स्फोट झाला. त्यात अग्निशमन दलाच्या एका जवानाचा मृत्यू झाला व ३६ जण जखमी झाले. तेथे प्रकाशाचा संबंध नव्हता. टाकीत साठत गेलेल्या उष्णतेतून बहुवारिकीकरण अनावर झाले होते.

डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ रोजी झालेल्या स्फोटांनी अनेक कामगारांचे व रहिवाशांचे संसार उद्ध्वस्त केले. या घटनांचा प्रकाशप्रेरित बहुवारिकीकरणाशी संबंध जोडणे अयोग्य ठरेल. त्यांची कारणे वेगळी होती. तथापि, कारखाना आणि वस्ती यांच्यातील अंतर किती थोडे आहे, हे त्या दोन्ही दिवशी कळून चुकले. भोपाळच्या १९८४ मधील दुर्घटनेनंतर घातक रसायनांच्या उत्पादन, साठवण व आयातीविषयीचे नियम १९८९ मध्ये आले. परंतु नियमात 'काय करावे' असते. 'का करावे' हे शास्त्रात असते. कारण माहीत नसलेली सूचना घाईच्या वेळी सर्वांत आधी मोडली जाते. पिंपावरची हवा काढण्यास मनाई करणारी सूचना तर नेमकी सावध माणसाकडूनच मोडली जाण्याचा संभव अधिक, कारण हवा काढणे हीच त्याला खबरदारी वाटते.

समारोप

बिघडलेली बाटली, फिरती तबकडी आणि लेसरचे ठोके हा सुमारे दीडशे वर्षांचा प्रवास वरकरणी स्थिरांकांच्या तक्त्यांचा प्रवास वाटतो. वस्तुतः तो एका क्षणभंगुर कणाचे आयुष्य मोजण्याचा आणि त्याद्वारे अनावर होऊ शकणाऱ्या अभिक्रियेस लगाम घालण्याचा इतिहास आहे. त्या इतिहासाचा सारांश पिंपावरील तीन ओळींत उतरला आहे. पदव्युत्तर वर्गात या समीकरणांची सिद्धता लिहिणारा विद्यार्थी आणि वसाहतीत तेच पिंप ढकलणारा कामगार पुष्कळदा एकाच लोकलने, एकाच स्थानकावर उतरतात. पहिल्याला समीकरण ठाऊक असते पण पिंप पाहिलेले नसते. दुसऱ्याला पिंप ठाऊक असते पण समीकरण कोणी सांगितलेले नसते. या परिसरातील महाविद्यालयांना व कारखान्यांना हे अंतर कमी करता आले, तर त्या तीन ओळी केवळ छापलेल्या न राहता समजलेल्या होतील. रासायनिक पट्ट्यात राहणाऱ्या समाजाच्या दृष्टीने या शास्त्राचे खरे मोल त्यातच आहे.